इंगळे मॅडम आणि माणसांच्या माना

आमच्या शेजारच्या इंगळे मॅडम माणसाचा चेहरा नंतर बघतात, आधी मान. मलकापुरात त्या भुलीच्या डॉक्टर आहेत. ऑपरेशनच्या वेळी माणसाला झोपवायचं, घशातून श्वासनळीत नळी घालायची आणि त्याचा श्वास सांभाळायचा, हे त्यांचं काम. ते दवाखान्यात ठेवून घरी येणं त्यांना जमत नाही, एवढीच अडचण.

माझ्या पुतणीच्या लग्नात सगळे 'जोडा काय शोभतो' म्हणत होते. मॅडमनी नवरदेवाला वाकून न्याहाळलं आणि मला हळूच म्हणाल्या, "पोरगा चांगला आहे सर, पण हनुवटी आत आहे. नळी घालायले तरास देईन." आमच्या भाजीवाल्याला त्या आधी "आ कर बरं" म्हणतात, मग मेथीचा भाव विचारतात. आता तर त्या दिसल्या की तो बिचारा आपणहून आ करतो.

दुसरं वेड उपाशीपोटाचं. "भूल दिली की पोटातलं वर येते अन् फुप्फुसात जाते. मंग बसा रडत," हे त्या नेमकं समोरच्यानं चहात बिस्कीट बुडवल्यावर सांगतात.

गेल्या हिवाळ्यात माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. दादा धामणगाव बढ्याला शेती करतो. देह भरलेला, मान जवळजवळ नाहीच. त्याला तपासून मॅडमनी सर्जनना बजावलं, "घशात पाहायचा कॅमेरा अन् जोडीला दुसरा भूलतज्ज्ञ असल्याशिवाय मी हात लावणार नाही."

ऑपरेशनच्या सकाळी टेबलावर घेण्याआधी त्यांनी दादाला विचारलं, "काय खाल्लं?"

"काहीच नाही बाई."

"काहीच नाही?"

"चहा तेवढा घेतला. त्याले काय खाणं म्हंतेत काय?"

"अन् चहासंगं?"

दादा छताकडे पाहू लागला. "दोन पोळ्या चुरल्या व्हत्या."

मॅडमनी डोक्यावरची टोपीच काढली. "न्या दादाले घरी."

सर्जन वैतागले. दादा तर भडकलाच. "दोन पोळ्यांसाठी वापस काऊन पाठवून राह्यल्या?"

"दादा, झोपवणं सोपं आहे. मले तुमाले उठवाही लागते."

पुढच्या खेपेला वहिनीनं स्वयंपाकघराला कुलूप लावून किल्ली पदराला बांधली. दादा आत गेला. आम्ही बाहेर बाकावर. बराच वेळ गेला तरी कुणी बाहेर येईना, तसा वहिनीनं माझा हात घट्ट धरला. शेवटी सर्जन आले. "झालं व्यवस्थित. पहिल्यांदा नळी गेलीच नाही. मला घाम फुटला. पण मॅडमनी जोर नाही केला. मास्कनं श्वास देत राहिल्या, डोक्याखालची उशी बदलली, कॅमेरा घातला अन् अलगद नेली नळी आत."

वहिनी हसत हसत रडली.

दुपारी सर्जन जेवायला गेले, दुसरे भूलतज्ज्ञही गेले. मी दादाला पाहायला आत गेलो. तो मघाशी वहिनीशी दोन शब्द बोलून पुन्हा झोपला होता आणि जोरात घोरत होता. उशाशी स्टुलावर मॅडम बसल्या होत्या.

"मॅडम, तुमचं काम झालं ना? घरी चला, बायकोनं तुमचंही ताट वाढलंय."

"असं घोरणाऱ्या माणसाले भुलीनंतर एकटं सोडत नसतात, सर."

"नर्स आहे की."

"हाव, आहे."

तरी त्या उठल्या नाहीत. दादाची छाती वरखाली होत होती, तिच्याकडे पाहत राहिल्या. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "आई गेल्यापासून घरात दुसऱ्या कोणाचा श्वासच ऐकू येत नाही. इथं बरं वाटते."

दादा आमच्याकडे मुक्कामाला आला की घोरण्यापायी त्याच्या खोलीत कुणी झोपत नाही. त्या दुपारी मी दुसरं स्टूल ओढलं आणि मॅडमच्या शेजारी बसून ते घोरणं ऐकत राहिलो.