मशीनकडे पाठ

आमच्या शाखेला लागून जे एटीएम आहे, तिथली रांग मशीनकडे पाठ करून उभी असते. नवखा माणूस हमखास फसतो. आठ-दहा जण एकाच दिशेला टक लावून उभे आहेत म्हटल्यावर तोही थांबतो आणि रस्त्यावर काय चाललंय ते शोधायला लागतो. एकदा तर एसटीच्या ड्रायव्हरनं गाडी हळू करून, काय अपघात-बिपघात झालाय का, असं विचारलं होतं. रांगेतल्या एकानं मान न वळवता सांगितलं, "न्हाई. आप्पा हाईत."

आप्पा म्हणजे फौजेतले निवृत्त हवालदार मारुतराव. बँकेचे ते कुणीही लागत नाहीत. एटीएमला रखवालदार नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी मॅनेजरांना रीतसर अर्ज दिला, आणि अर्जाचं काही होईना तेव्हा स्वतःच स्वतःची ड्यूटी लावून घेतली. सकाळी दहा ते दुपारी एक. खाकी पँट, पांढरा शर्ट, आणि इस्त्री अशी कडक की तिच्या कडेनं कांदा चिरावा. आत कुणी कार्ड घातलं की बाहेर ऑर्डर सुटते, "पीछे मुड!" मग रांगेतले ऊसवाले, मास्तर, अंगणवाडीच्या ताई, द्राक्षबागेतून कामावरून आलेल्या बायका, सगळे निमूटपणे वळतात.

"नंबर टाकताना बघू न्हाई," हे त्यांचं ब्रीद. नवऱ्यानं बायकोचा बघू नये, बापानं लेकाचा बघू नये. दोन्ही डोळ्यांनी अधू असलेल्या एका म्हाताऱ्यालाही त्यांनी एकदा वळायला लावलं होतं. तो म्हणाला, मला काय दिसतंय? आप्पा म्हणाले, दिसत नसलं तरी नियम नियम असतो. म्हातारा वळला, पण नेमका मशीनकडे तोंड करून उभा राहिला.

मी मूळचा साताऱ्याचा. बदली होऊन कुंडलला आलो त्याला आता सहा वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात मी स्वतः या रांगेत इकडं-तिकडं बघत उभा होतो, तेव्हा आप्पांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, बँकेत नोकरीला असलं म्हणजे डोळे निराळे असतात काय. ते तोफखान्यात होते. डावा कान तिकडंच ठेवून आलो, असं सांगतात. त्यामुळे बोलणं दणदणीत. गुप्तता कशी पाळावी हे ते ज्या आवाजात समजावतात, तो आवाज समोरच्या रसवंतीपर्यंत पोचतो.

पण आप्पांचं खरं राज्य सुरू व्हायचं ते मशीननं कुणाचं कार्ड गिळल्यावर. आमच्या भिंतीवर सूचनांचा एक फलक आहे, तो कुणी वाचत नाही. आप्पा पाठ म्हणतात. पहिलं कलम, "पोस्ट सोडायची न्हाई." कार्ड आत गेलं म्हणून घाबरून निघून जायचं नाही, कारण पाच-दहा मिनिटांनी ते कधी कधी परत बाहेर येतं आणि मागचा माणूस उचलतो. अनोळखी कुणी मदतीला धावला तर त्याला नंबर सांगायचा नाही. कार्ड आलंच नाही तर बँकेला फोन करून ते बंद करायचं. मग अर्ज, त्यात तारीख, वेळ आणि मशीन कुठलं ते, सोबत ओळखपत्राची झेरॉक्स. आणि कार्ड ज्याचं, त्यानंच घ्यायला यायचं. भावाला, मेव्हण्याला धाडायचं नाही.

एका मास्तरांचं पगाराचं कार्ड असंच शाळा भरायच्या वेळेला अडकलं. आप्पांनी त्यांना शाळेत पाठवलं आणि स्वतः मशीनसमोर उभे राहिले. मास्तरांना वाटलं, असतील दहा मिनिटं. शाळा सुटल्यावर ते आले तर आप्पा तिथंच, जेवणसुद्धा उभ्यानं झालेलं. मास्तर संकोचून काही बोलायला लागले, तर आप्पांनी त्यांना "पोस्ट ताब्यात घेतली" असं म्हणायला लावलं आणि मगच घरी गेले.

अर्जही आप्पाच लिहून द्यायचे. सुरुवात "सविनय जयहिंद" अशी. पाच मिनिटांत अर्ज तयार. एकदा अंगणवाडीच्या एक ताई पगाराचं कार्ड अडकलं म्हणून पायरीवर बसून रडायला लागल्या, तेव्हा आप्पा त्यांच्या अंगावर ओरडले होते, "रडताय कशापायी? कार्ड म्हंजे काय मानूस हाय व्हय? ह्ये गेलं, दुसरं येतंय."

हे वाक्य मी साताऱ्याला गेलो की नातेवाइकांना आवाजासकट करून दाखवायचो. हमखास हशा यायचा. आता करत नाही.

आप्पांची बायको सुनंदाबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. नवरा सीमेवर असताना कोयनानगरच्या वसाहतीत त्यांनी एकटीनं नोकरी केली, भूकंपाचे धक्के सोसत पोरगी वाढवली, आणि पगारातून इथं कुंडलला घर बांधलं. आप्पा निवृत्त होऊन आले तेव्हा घरात पाय पुसायला कुठं थांबायचं हेसुद्धा त्यांना विचारावं लागलं होतं, असं बाई हसून सांगायच्या. पगाराचं कार्ड त्यांच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात असायचं. आप्पांना त्याचा नंबर कधीच माहीत नव्हता.

दर पहिल्या तारखेला दोघं मोटारसायकलवरून यायची. बाई आत शिरल्या की म्हणायच्या, "आवं, तिकडं तोंड करा." आणि हवालदार टाच जुळवून वळायचे. सगळ्या रांगेला लावलेली ही कवायत मुळात घरून आलेली होती. बाईंना मशीनवर वेळ लागायचा. चष्मा काढायचा, पुसायचा, एकेक बटण विचार करून दाबायचं. आप्पा रस्त्याकडे बघत ताठ उभे. काम झालं की बाई मागून येऊन त्यांच्या खांद्यावर दोन बोटं टेकवायच्या आणि म्हणायच्या, "झालं. चला." तेवढी बोटं टेकल्याशिवाय आप्पा वळत नसत. मग दोघं स्टँडवर भजी खायला जायची. खिडकीतून मी हे कित्येकदा बघितलंय. बाईंनी मुद्दाम उशीर लावला तरी ते हलायचे नाहीत, आणि बाई मुद्दामच उशीर लावतात हे त्यांना कळत असणार.

मागच्या वर्षी श्रावणात सुनंदाबाई गेल्या. दवाखान्यातून ड्यूटी करून आल्या, छातीत दुखतंय म्हणाल्या, आणि तासाभरात सगळं संपलं. चौदाव्या दिवशी आप्पा दहाच्या ठोक्याला एटीएमसमोर हजर. इस्त्री तशीच. आम्ही शाखेत म्हणालो, फौजी माणूस, खंबीर आहे. किती सहज म्हणालो. बाईंचं खातं बंद करायचे कागद तेवढे द्या, असं मी दोन-तीनदा सुचवलं, तर प्रत्येक वेळी ते म्हणाले, बघू पुढच्या म्हैन्यात. लेक पुण्याला असते, ती आली की देतील, असं समजून मीही सोडून दिलं.

गेल्या एक तारखेला मी साडेनऊला शाखेत पोचलो तर एटीएमचं दार आतून धरून आप्पा उभे. कुणालाही आत येऊ देईनात. बाहेर रांग, आणि ती ऑर्डर नसतानाही सवयीनं पाठ करून उभी. मला तेवढं त्यांनी आत घेतलं. म्हणाले, कार्ड गेलं.

मला हसू आलं. सगळ्या गावाला शिकवणारा माणूस. मी म्हणालो, "आप्पा, कार्ड म्हणजे काय माणूस आहे का? दुसरं येतंय."

ते हसले नाहीत. मशीनच्या फटीवरची नजरही त्यांनी काढली नाही. "मला ह्येच पायजे," म्हणाले. "पगाराचं हाय."

पेन्शनवाल्या माणसाला पगाराचं कार्ड कुठलं, असं माझ्या मनात आलं, पण कामाच्या गडबडीत ते तिथंच राहिलं. मी त्यांना खुर्ची पाठवली. ते बसले नाहीत. बाराला मशीन उघडलं, आणि कार्ड माझ्या हातात आलं. त्यावर सुनंदाबाईंचं नाव होतं.

आमच्या मॅनेजर मॅडम नवीन. दुसऱ्याच्या नावाचं कार्ड आहे म्हटल्यावर कॅमेऱ्यातलं चित्रण बघणं त्यांना भाग होतं. त्यांच्या केबिनमध्ये आम्ही दोघांनी ते बघितलं. आप्पा आत आले. खिशातून रुमालात गुंडाळलेलं कार्ड काढलं, पुसलं, मशीनमध्ये घातलं. एकही बटण दाबलं नाही. टाच जुळवली, वळले, आणि दाराकडे तोंड करून उभे राहिले. मागं मशीन नंबर मागत होतं. कुणीच नंबर टाकत नाही म्हटल्यावर त्यानं कार्ड बाहेर ढकललं, आणि कुणी उचलत नाही म्हणून थोड्या वेळानं आत ओढून घेतलं. आप्पा ताठ उभेच. बऱ्याच वेळानं त्यांनी मान जराशी डावीकडे झुकवली, खांद्याच्या बाजूला, आणि तशीच ठेवली.

मॅडमनी चित्र थांबवलं. आवाज काढून लोकांना हसवलेलं आणि सकाळी आप्पांनाच ऐकवलेलं त्यांचं ते वाक्य मला आठवत होतं आणि माझी मलाच शरम वाटत होती.

आप्पांना आत बोलावलं. मॅडमनी त्यांच्या उजव्या बाजूला बसून शांतपणे विचारलं की पाठ का फिरवलीत. आप्पांना प्रश्नाचंच नवल वाटलं.

"नंबर टाकताना बघू न्हाई," ते म्हणाले.

मग हळूहळू बाकीचं सांगितलं. दर पहिल्या तारखेला, रांग लागायच्या आत, ते येतात. कार्ड घालतात, वळून उभे राहतात. मशीन पीप-पीप करतं, मग वळून कार्ड काढून घेतात आणि घरी जातात. पैशाला त्यांनी हात लावलेला नव्हता. नंबरच माहीत नव्हता, तर लावणार कसा? त्या दिवशी नेमका उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून समोरून गेला, आणि पीप-पीप ऐकू आलं नाही.

मॅडमनी नियम सांगितला. आप्पांना तो आमच्यापेक्षा चांगला माहीत होता. कार्ड ज्याचं त्यानंच यायचं, आणि येऊ शकत नसेल तर तसा अर्ज द्यायचा, कारण लिहून. मग कार्ड कापायचं आणि खातं बंद करण्याचे कागद सुरू करायचे. मी कोरा कागद आणि पेन आप्पांसमोर ठेवलं.

पाच मिनिटांत अर्ज लिहिणारा माणूस त्या दिवशी पाऊण तास बसला. "सविनय जयहिंद" लिहून झालं. तारीख, वेळ, मशीन कुठलं, तेही झालं. "कार्डधारक स्वतः हजर राहू शकत नाही, कारण" इथपर्यंत आले आणि पेन थांबलं.

"ह्ये लिवलं की संपलंच न्हवं?" त्यांनी मला विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली.

"घरात तिचं कपडं लेकीनं वाटून टाकलं. दवाखान्यात नवी बाई आली. मी म्हनलं, असूंद्या. म्हैन्यातनं एक डाव हितं ती मागं उभी असायची, साहेब. मला तेवढं पुरत हुतं." त्यांनी कागदाची घडी उगाचच सरळ केली. "पोस्ट सोडू नगा म्हनून समद्यास्नी मीच सांगत आलोय."

तुम्ही पोस्ट सोडली नाही आप्पा, एवढं तरी म्हणायला हवं होतं, ते घरी गेल्यावर सुचलं. शेवटी त्यांनीच पेन उचललं आणि कारणापुढं लिहिलं, "मयत आहे." खाली सही केली. अक्षर नेहमीसारखंच ठसठशीत होतं.

मॅडमनी कात्री माझ्याकडे सरकवली. परत आलेलं कार्ड समोरासमोर कापायची आमच्याकडे रीत आहे. मी कात्री हातात घेतली आणि आप्पा खुर्चीतून उठले. टाच जुळवली, वळले, आणि खिडकीतून दिसणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

कार्डावर नाव खालच्या बाजूला होतं. मी चिपच्या मधून आडवं कापलं, काळ्या पट्टीच्या तुकड्याच्या चिंध्या केल्या, आणि नावाचा तुकडा अखंड ठेवला. तो द्यायचा असतो की नाही हे मी विचारलं नाही. मॅडम टेबलावरचे कागद लावत होत्या.

"झालं, आप्पा," मी म्हणालो. ते हलले नाहीत. डावा कान माझ्याकडे होता. मी पुन्हा हाक मारली, तरी नाही. मग टेबलाला वळसा घालून त्यांच्या मागे गेलो आणि दुसरं काही न सुचून त्यांच्या खांद्यावर बोटं टेकवली.

ते गर्रकन वळले. त्यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे होतं, ते माझ्यासाठी नव्हतं. मला बघून ते थांबले.

"तुमी हाय व्हय," ते म्हणाले. इतक्या बारीक आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

नावाचा तुकडा त्यांनी रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात घातला, वर बटण लावलं, आणि बाहेर पडले. मीही त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेलो. मशीन पुन्हा चालू झालं होतं. पायरीवर उभं राहून आप्पांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ते रडायला लागले, त्यांच्या त्या मोठ्या आवाजात. समोर अख्खी रांग रस्त्याकडे तोंड करून उभी होती. सगळ्यांना ऐकू जात होतं. त्यातलं एकही माणूस वळलं नाही.