आई काही डिलीट होईना

पेनड्राईव्हमधला आवाज बदलणं हे पाच मिनिटांचं काम आहे! हे वाक्य मी आमच्या घरी, भरल्या ताटावर, सगळ्यांच्या देखत उच्चारलं. साताऱ्यात राहून एमएस्सी फिजिक्स केलेल्या मुलीनं असं म्हणायचं नाही, तर कुणी म्हणायचं?

आता हे काम निघालं कुठून, ते आधी सांगते.

आमचं घर आटपाडीकडच्या माळावर. आजा-पणजा मेंढरं घेऊन मुलूखभर हिंडले. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, थोडी मेंढरं ठेवून शेती धरली. थंडीत शाळवाच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, कणसात दूध भरलं की आमच्याकडे भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे, थवे उतरतात. एक थवा टेकला की शेताचा रंगच बदलतो, आणि उठला की कणसाचा नुसता बुरखुंडा उरतो. पूर्वी माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची. आता आम्ही भोंगा लावतो. भाजीवाले गाडीवर लावतात ना, तोच. मागे पेनड्राईव्ह खोचायचा, खाली सोलरची बॅटरी.

आणि त्या पेनड्राईव्हमध्ये आई आहे!

म्हणजे आईचा आवाज. गेल्या साली धनाजीदादानं तिला शाळवात उभं केलं, मोबाईल पुढे धरला आणि म्हणाला, "आई, पाखरं आल्यात असं समज." आईला समजून घ्यायची गरज पडली नाही. तिनं जे तोंड सोडलं, त्याला तोड नाही! पाखरंच काय, बांधावरून जाणारे अनोळखी लोकसुद्धा पावलं उचलायला लागले. निकाल शंभर टक्के. मी स्वतः थवे मोजून तपासलंय.

पण यंदा दादाचं लग्न जमत आलं होतं. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळणं म्हणजे आमच्या माळावर ऊस लागणं! "पोरगा नोकरीला कुठं असतो?" एवढं विचारून पुष्कळ पाहुण्यांनी चहा अर्धा ठेवला होता. शेवटी कडेगावची मयूरी भेटली. तिला दादा पसंत, दादाला ती पसंत. राहिलं होतं ते एकच. तिच्या घरचे आमचं घर, रान आणि माणसं बघायला येणार होते.

"माणसं" या शब्दावर दादानं घास तोंडातच धरला. बाहेरून भोंगा ओरडत होता.

"तात्या, त्या दिशी भोंगा बंद ठिवूया."

"बंद?" तात्या म्हणाले. "कणसं मोकळी झाल्यावर पाव्हण्यास्नी काय दाखवू? चिपाडं?"

"मग आईच्या जागी सनई तरी लावूया."

"सनईवर भोरड्या नाचतील रं गड्या!"

आई फणकारली. "माझ्या आवाजाला काय झालंय? पीक राखलं की न्हाई?"

"आई, आवाज झकास हाय. पर पाव्हणं हायत ती. पाखरं न्हाईत."

इथं मी शास्त्रीय तोडगा काढला. आईऐवजी शिकऱ्याची आरोळी! शिकारी पक्ष्याचा आवाज आला की बाकीचे पक्षी पळतात. पाहुण्यांनाही वाटेल, काय निसर्गरम्य जागा आहे! आणि मग मी ते पाच मिनिटांचं वाक्य म्हणाले.

पाहुणे दुपारी यायचे होते. मी सकाळी आरामात भोंगा बंद केला, पेनड्राईव्ह काढून लॅपटॉपला लावला, आईची फाईल निवडली आणि डिलीट दाबलं. पडद्यावर पाटी आली: डिस्क राइट-प्रोटेक्टेड आहे. म्हणजे ऐका, वाचा, पण पुसायचं नाही आणि नवीन काही लिहायचंही नाही.

"काय म्हणतंय?" दादानं विचारलं.

"लॉक आहे. सोपं असतं. बाजूला एक बारीक खटका असतो, तो सरकवायचा."

खटका नव्हता. मी भिंग लावून चारी बाजू तपासल्या. दादानं सुईनं एक रेघ सरकवायचा प्रयत्न केला. ती कंपनीच्या नावातली वेलांटी निघाली.

मग मी माझा स्वतःचा चौसष्ट जीबीचा पेनड्राईव्ह भोंग्याला लावून पाहिला. भोंग्यानं त्याला ओळखच दाखवली नाही. एवढा मोठा त्याला पचत नाही. दुसरा लहान आणायचा तर तालुक्याला जायला हवं, आणि दादाची मोटरसायकल घेऊन तात्या पाहुण्यांना वाट दाखवायला फाट्यावर जायचे होते.

मी मागे हटले नाही. काळ्या पडद्याची खिडकी उघडली आणि आज्ञा टाइप करायला लागले.

आई डोकावली. "बिघडलं व्हय गं?"

"नाही आई, आतून काम चाललंय."

"पदरानं पुसून उन्हात ठिव जरा. रिमोट तसाच चालतोय."

पडद्यावर उत्तर आलं: केवळ-वाचन हा गुणधर्म यशस्वीपणे काढला. मी टाळी वाजवली! डिलीट दाबलं. डिस्क राइट-प्रोटेक्टेड आहे. मग मी विंडोजच्या पोटात, रजिस्ट्रीत शिरले. तिथे एका ठिकाणी एकाचा शून्य केला. लॅपटॉप बंद करून चालू केला. पाच मिनिटं होऊन किती वेळ झाला, हे विचारायची हिंमत घरात कुणाला नव्हती.

एवढ्यात बाहेरून तात्या ओरडले, "पोरी, भोंगा! रानात भोरड्या बसल्यात! आन पाव्हण्यांचा फोन आलाय, फाट्यावर आल्यात ती!"

दुपारी येणारे पाहुणे सकाळीच आले होते. तात्या गाडी काढून पळाले. मी देवाचं नाव घेऊन शेवटचं डिलीट दाबलं, आणि आई गेली! फाईल नाहीशी! मी शिकऱ्याची फाईल टाकली, वाजवून पाहिली. कडक आरोळी! मी पेनड्राईव्ह उपसला, शाळवात धावले, भोंग्याला खोचला, खटका दाबला आणि सकाळपासून उघडं असलेलं पेटीचं दार लोटून दिलं. बॅटऱ्या चोरीला जातात म्हणून तात्यांनी भोंगा-बॅटरी लोखंडी पेटीत ठेवून नुसता कर्णा बाहेर काढलाय. दार लोटलं की कुलूप आपोआप बसतं. किल्ली तात्यांच्या करगोट्याला.

भोंगा चालू व्हायला जरा वेळ घेतो. तेवढ्यात मी घरी येऊन ओढणी नीट करून पोह्यांची ताटली हातात घेतली. तात्यांच्या मोटरसायकलमागून येऊन दारात जीप थांबली. मयूरीचे वडील नानासो उतरले, मग तिची आत्या विजयमाला, मग आणखी चौघं. आत्याबाईंच्या नजरेवरून कळत होतं की निकाल त्याच देणार.

आई हात जोडून पुढे झाली. "या, या पाव्हणं."

आणि घरामागून, शाळवातून, आईचाच आवाज आला, चौपट मोठा.

"धनाजी, चालू झालं का रं हे? लाल दिसतंय न्हवं? हां... आली! आली बघा टोळी!"

सहाही पाहुणे जागच्या जागी थांबले. फाईल गेली होती! मी डोळ्यांनी पाहिली होती!

"बसा की," आई घाईनं म्हणाली.

"टेकू नगा हितं! उठा! उठा म्हणते न्हवं!"

नानासो निम्मे बसले होते. ते तसेच, खुर्चीपासून वीतभर वर, अधांतरी राहिले.

"कोण हाय वो ते?" आत्याबाईंनी विचारलं. शाळू पुरुषभर उंच, भोंगा काही दिसत नव्हता.

खरं सांगून टाकायचं की नाही? पण तात्यांच्या तोंडून निघालं, "ती... शेजारीण हाय."

"अगं बया बया, सकाळच्या पारी फुकट खायाला आली! तुमच्या घरी चूल पेटत न्हाई व्हय?"

आई पोहे देत होती. नानासोंनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"शेजारीण कुणाला बोलतीया?" ते म्हणाले.

"आमालाच," तात्या म्हणाले. "बांधावरनं जरा वाद हाय."

"बांधाचा वाद?" नानासो ताठ झाले. "म्हंजी जमिनीवर केस हाय?"

"केस न्हाई, केस न्हाई! नुसता दावा... म्हंजी दावा बी न्हाई..."

"किती रानावर दावा हाय?"

तात्यांचा चेहरा सुकलेल्या विहिरीसारखा झाला. दादा त्यांच्या पाठीमागून मला आणि मी त्याला डोळ्यांनी खुणावत होतो. दादानं पुढे येऊन हातानं किल्ली फिरवल्याची खूण केली. तात्यांनी ओळखलं आणि झटकन खिशातून मोटरसायकलची किल्ली काढून दिली! दादा ती घेऊन, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, शाळवात घुसला. पेटीवर दणादण लाथा बसल्याचं ऐकू आलं. लगेच भोंगा कडाडला, "थांबा, आले मी दगूड घेऊन! तंगड्या मोडीन एकेकाच्या!"

लाथा थांबल्या. सवयीनं थांबला बिचारा.

मग रेकॉर्डिंग संपून पुन्हा सुरू झालं. "धनाजी, चालू झालं का रं हे?"

आत्याबाईंनी भुवया वर केल्या. "शेजारणीशी भांडान हाय म्हणता, आन तुमच्या पोराला तर लेकरागत हाक मारतीया?"

"तशी माया हाय तिची," तात्या घाम पुसत म्हणाले. "फकस्त तोंडानं वाईट हाय. लय वाईट! गावात कुणी उभं करून घेत न्हाई. असली भांडकुदळ बाई आमी आजपतुर बघितली न्हाई!"

मी डोळे मिटले.

"काय म्हनला?" आई म्हणाली. पोह्यांचं पातेलं तिनं खाली ठेवलं. "मी भांडकुदळ? मी शेजारीण? आवं, पीक राखाय माझा आवाज पायजे, आन पाव्हण्यांम्होरं मला वळख न्हाई व्हय? गेल्या सालचा शाळू कुणामुळं घरात आला? थांबा, आले मी दगूड घेऊन!"

त्याच क्षणी शाळवातून आवाज आला, "थांबा, आले मी दगूड घेऊन!"

सगळ्यांच्या माना आईकडे वळल्या. मग शाळवाकडे. मग पुन्हा आईकडे. दोन्हीकडून एकदमच आलं, "तंगड्या मोडीन!"

माझ्या मनात आलं, संपलं. दादा आता मेंढरांतच म्हातारा होणार. आणि तोही माझ्या पाच मिनिटांमुळे.

मी ताटली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. भोरड्या, भोंगा, राइट-प्रोटेक्शन. पेनड्राईव्हची आतली मेमरी झिजत आली की तो स्वतःलाच कुलूप लावून घेतो, कधी कधी तोंडदेखलं हो म्हणतो, पुसल्यासारखं दाखवतो, आणि काढून दुसरीकडे लावला की जुनं सगळं जागच्या जागी. अगदी आईसारखाच. ऐकून घेतो, करतो मनाचंच! हे शेवटचं मी मनात म्हणाले.

सेमीकंडक्टरवरचं माझं हे आयुष्यातलं सर्वांत मनापासूनचं भाषण होतं. नानासोंना त्यातलं एवढंच भिडलं, "म्हंजी केस न्हाई जमिनीवर?"

"एक बी न्हाई!" तात्या म्हणाले आणि करगोट्याची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

आत्याबाईंनी मात्र पिशवीतून मोबाईल काढला, मयूरीला फोन लावला आणि शाळवाकडे धरला. "मयूरे, ऐक. ह्यो तुझ्या सासूचा आवाज."

भोंग्यानं पुन्हा पहिल्यापासून सगळं ऐकवलं. आई ओट्याच्या कडेला पाठमोरी उभी होती. शाळवातून दादा बाहेर आला होता, अंगभर पाचोळा आणि शर्टावर कणसाचं दूध. तोही तिथंच खिळला. शेवटी फोनमधून मयूरीचा आवाज आला. स्पीकरवरच होता.

"आत्या, हे तर रेकॉर्डिंग हाय. आपल्या घरात तू रोज लाइव्ह असतीस! मला काय जड जाणार हाय?"

पाहुण्यांतल्या त्या चौघांपैकी एकजण पहिल्यांदा हसत सुटला. मग नानासो. मग सगळं अंगण. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला, पण खांदे हलत होते. त्यांनी आईला हाताला धरून शेजारी बसवलं. "बनाबाई, बसा हितं. आवाजाला आवाज मिळाला म्हणायचा!"

पोहे खाल्ले गेले. रान बघितलं गेलं. कणसं भरलेली होती, त्यावर एक भोरडी नव्हती. नानासो भोंग्यापाशी बराच वेळ उभे राहिले. मी किल्लीनं उघडून दिलेल्या पेटीतला पेनड्राईव्ह निरखून बघत म्हणाले, "सोयरीक पक्की. पर एक अट हाय."

तात्या दोन पावलं पुढे सरकले.

"ह्याची एक कापी आमाला पायजे. आमच्या रानात साळुंक्या लय माजल्यात."

"एवढंच ना!" मी म्हणाले. वाचायला तर हा पेनड्राईव्ह खुशाल देतो. कॉपी करणं सोपं.

"आन ह्यो तू लाक केलायस न्हवं? तसाच लाक करून दे. आमची पोरं त्यात गाणी भरत्यात आन असलेलं पुसत्यात. तुमच्याकडचा कुणालाच पुसता येत न्हाई, ते लय बेस हाय. एमएस्सीचा उपेग व्हतो बघ असा!"

मी तोंड उघडलं. खरं तर सांगायचं होतं की हे कुलूप मी लावलेलं नाही, की माझ्या लॅपटॉपवर लावलेलं कुलूप दुसऱ्या लॅपटॉपच्या खिजगणतीतही नसतं, आणि धडधाकट पेनड्राईव्हला असं म्हातारपण आणायची रीत मला कुणी शिकवलेली नाही. पण तात्या अभिमानानं बघत होते. दादा हात जोडून बघत होता.

"पाच मिनिटांचं काम आहे," मी म्हणाले. "साखरपुड्याला घेऊनच येते!"

साखरपुडा जवळ आलाय. नवा पेनड्राईव्ह माझ्यापुढे टेबलावर पडलाय. सांगावं ते लिहून घेतो, सांगावं ते पुसतो, इतका आज्ञाधारक की रडू यावं. वाचणाऱ्यांपैकी कुणाला याला कायमचं कुलूप कसं लावायचं हे माहीत असेल, तर कृपा करून कळवा. आईला विचारून झालं. ती म्हणते, उन्हात ठेव.