हळदीतलं ताई-ची

एकाच माध्यमात रमणं निशिगंधाला कधी जमलं नाही. बँकेतली नोकरी सोडल्यापासून तिने तैलरंग हाताळले, माती मळली, सिंगापूरच्या एमआरटी गाड्यांच्या दारांचे आवाज टेप केले आणि ते ऐकत ऐकत एक गोधडीही शिवली. प्रबोधला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, त्यातलं काय कळायचं ते तोच जाणे. तो दर वेळी 'छान आहे' म्हणायचा. २००६ साली तिने जाहीर केलं, की आता हळद! शनिवारी कम्युनिटी क्लबमध्ये प्रदर्शन होतं. छतापासून जमिनीपर्यंत सोडलेली पिवळीधमक मलमल बघून लोक जागीच खिळून राहतील, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

लिटिल इंडियातून तिने भरपूर हळद आणली. शुक्रवारी सकाळी क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये पहिलं कापड बुडवलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या बांबूवर वाळत घातलं.

थोड्याच वेळात बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या मिसेस लिम. त्यांचे यजमान ज्येष्ठ मंडळींना ताई-ची, म्हणजे संथ हालचालींचा चिनी व्यायाम, शिकवायचे. शनिवारी त्याच क्लबमध्ये मंडळींचं प्रात्यक्षिक होतं, म्हणून सगळ्यांचे पांढरेशुभ्र पोशाख लिमबाईंनी धुऊन वाळत घातले होते. बरोबर निशिगंधाच्या बांबूखाली.

त्यांनी ठिपकेदार सदरा पुढे धरला. "हा कसला पाऊस, ला?" वाक्याच्या शेवटी सिंगापुरी 'ला' जोडत त्यांनी शांतपणे विचारलं.

निशिगंधा शरमेने अर्धी झाली. घाबरून तिने पुण्याला आईला फोन लावला, तर लाइन तासभर एंगेज; नेहमीप्रमाणे शेजारणीशी गप्पा चालल्या असणार. मग सगळे पोशाख वर आणून तिने साबणाने खसाखसा घासले. साबण लागताच पिवळे डाग लालभडक झाले! जेवायला घरी आलेल्या प्रबोधने बाथरूममध्ये डोकावून पाहिलं आणि कोणाला काय लागलंय, असं घाबऱ्या आवाजात विचारलं.

आता एकच उपाय उरला होता. सगळेच पोशाख पिवळे करायचे. लिमबाई खुशाल तक्रार करू शकल्या असत्या. पण त्यांनी बाह्या सरसावल्या आणि बांबूने बादली ढवळायला घेतली. मिस्टर लिम वर आले, बादलीत डोकावले आणि म्हणाले, "ठीक. उद्या आम्ही पिवळे."

या सगळ्यात हळद संपली. रंग पक्का करायला तुरटी लावायची, तेही घाईत राहून गेलं. शनिवारी निशिगंधाने उरलेली कोरी पांढरी मलमलच हॉलमध्ये टांगली आणि ती तोंड लपवून कोपऱ्यात उभी राहिली.

प्रात्यक्षिक त्या कापडांच्या शेजारीच होतं. हॉलमध्ये उकाडा मी म्हणत होता. घामाने मंडळींच्या माना, मनगटं, कानाच्या पाळ्या पिवळ्या होऊ लागल्या. इतके नवरदेव आपण एका मांडवात कधी पाहिले नाहीत, असं प्रबोध तिच्या कानात पुटपुटला. आणि मग संथपणे वळताना कोणाचा खांदा कापडाला लागला, कोणाचा तळवा, कोणाची अख्खी पाठ. पांढऱ्या मलमलीवर माणसं उमटत गेली. बघणारे जागीच खिळून राहिले.

प्रदर्शनाच्या संयोजक साधनाताई धावतच आल्या. याची तालीम किती दिवस चालली होती, असं त्यांनी विचारलं. निशिगंधा खरं सांगायला तोंड उघडणार, तोच लिमबाई म्हणाल्या, "खूप दिवस, ला."

निशिगंधाला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही. कापडांखालच्या पाटीवर तिने त्या सगळ्यांची नावं लिहिली. स्वतःचं सर्वांत शेवटी.

रविवारी पुण्याला फोन लागला. तिने सगळी हकिगत सांगितली.

"अगं, हळदीचेच डाग ना?" आई म्हणाली. "साबण न लावता कडक उन्हात टाकायचे. आपोआप उडाले असते."

निशिगंधाला पांढऱ्या मलमलीवर उमटलेली माणसं आठवली. मग शुक्रवारी सकाळी तासभर शेजारणीशी फोनवर गप्पा मारल्याबद्दल तिने आईचे अगदी मनापासून आभार मानले.

आईला वाटलं, पोरगी टोमणा मारतेय. तिने फोन ठेवून दिला.