आरशासारखा जिना

देवमनरावांनी मालेगावच्या घरात काळ्या ग्रॅनाईटचा जिना बांधला तो चढण्यासाठी नव्हे, दाखवण्यासाठी. पाहुणा आला की ते आधी पायरीत स्वतःच्या मिशा न्याहाळत, मग त्याला पाणी विचारत. दीड वर्षात त्या जिन्यावरून चहाचे सात कप, एक दूधवाला आणि एक मांजर घरंगळत खाली आले. मांजर पुन्हा त्या घरात फिरकले नाही. त्या घरात अक्कल होती ती तेवढ्या मांजरालाच, असे त्यांच्या पत्नी लिलाबाईंचे मत.

यंदा विहारातल्या पावसाळी वर्षावासाच्या ग्रंथवाचनाचे समापन लिलाबाईंकडे, वरच्या हॉलमध्ये ठरले होते. वीस वर्षांनी मिळालेला मान. पण दोन दिवस आधी महिला मंडळाच्या ज्योत्स्नाबाईंनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि लगेच उचलला.

"लिलाबाई, ग्रंथ आयकाले याचं का दवाखान्यात भरती व्हाले? जिना नीट करा, नाही तं समापन माह्या घरी."

लिलाबाईंनी फरशीवाल्या तय्यबला बोलावले.

"काका, पायरीच्या काठाले मशीननं तीन-तीन खाचे मारतो. दोन घंट्याचं काम."

"ग्रॅनाईटले खाचे? उद्या माह्या गालाले बी मारशीन!" देवमनराव कडाडले.

"मंग तेलाचा रंग मारा, वरून बारीक रेती भुरका. मागून खरडता येते. पण एक पायरी सोडून एक मारा, म्हंजे चढता-उतरता येते."

"मले काय झेब्र्याच्या पाठीवर राहाचं हाय?"

समापनाच्या दिवशी सकाळी देवमनरावांनी रेती चाळायला घेतली, तीही लिलाबाईंच्या चहाच्या गाळणीने. त्यात अकरा वाजले. मग ते ब्रश घेऊन खालच्या पायरीशी बसले.

"अहो, वरून खाली या नं! खालून वर काहून चालले?" लिलाबाईंनी विचारले.

"तुले काय समजते? मी शिपायाचा हेडक्लार्क झालो तो खालून वरच गेलो नं?"

लिलाबाई स्वयंपाकघरात खिरीकडे वळल्या. हेडक्लार्कसाहेब चौदावी पायरी रंगवून वर पोचले, कौतुकाने मागे वळले, आणि तसेच उभे राहिले. कार्यक्रम दोनचा होता. रंगाला वाळायला निदान चार तास हवे होते.

"शिडी लावू काय, काका?" रंग पाहायला आलेल्या तय्यबने गॅलरीखालून विचारले.

"बाया येऊन राह्यल्या अन् मी लुंगीवर शिडीनं उतरू? चाल, निघ!"

पांढऱ्या साड्यांतल्या बाया आल्या. लिलाबाईंनी निमूटपणे खालच्याच खोलीत सतरंजी अंथरली. तीन महिने विहारात दर दोन ओळींमागे "थांबा, उच्चार चुकला!" म्हणत देवमनराव तासभर भाषण ठोकत आले होते. आजही वरून त्यांनी "थांबा, ज्योत्स्नाबाई..." अशी सुरुवात केली, पण पंख्याच्या घरघरीत ते कुणाला ऐकूच आले नाही. वाचन न अडखळता पार पडले.

ज्योत्स्नाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"लिलाबाई, ग्रंथात काय लिहेल हाय ते आज पह्यल्यांदा समजलं वं! पुढच्या साली बी समापन इथंच."

लिलाबाई उजळल्या. त्यांनी खिरीचे पातेले बाहेर आणले. पाच वाजत आले होते.

"लिला, वाळला काय वं रंग?" वरून केविलवाणा आवाज आला.

लिलाबाईंनी पहिल्या पायरीवर अंगठा दाबून पाहिला. कडक, कोरडी, खरखरीत. हत्ती चढला तरी घसरला नसता.

"ओलाच हाय अजून!" त्या ओरडल्या आणि ज्योत्स्नाबाईंच्या वाटीत आणखी एक पळी खीर ओतली.