टिपणीसकाकांची बेसिक खोली

फुकट मिळणारी मोठी गाडी नाकारून लहान गाडीसाठी भांडणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. आमचे शेजारी, मधुकर टिपणीस. त्यांची स्वतःची गाडी दुरुस्तीला गेली होती, म्हणून मी त्यांना भाड्याच्या गाड्या मिळतात तिथे घेऊन गेलो होतो. काउंटरवरच्या मुलीने गोड हसून सांगितलं, "सर, लहान गाड्या संपल्या आहेत. त्याच भाड्यात मोठी देते. फ्री अपग्रेड!"

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "मी लहान मागितली होती. लहान द्या."

मुलीला वाटलं, म्हाताऱ्याला नीट ऐकू आलं नाही. तिने 'फ्री' हा शब्द सावकाश आणि मोठ्याने म्हटला. काकांनी 'नो' हा शब्द तितक्याच सावकाश आणि मोठ्याने म्हटला. मॅनेजर आला. मागची रांग दारापर्यंत गेली. अखेर कोणीतरी नुकतीच परत केलेली, धुवायचीही राहिलेली एक चिमुकली गाडी आणून उभी केली. सहा फुटी काका तिच्यात घडी घालून बसले, गुडघे स्टिअरिंगला टेकले, आणि हँडल फिरवून काच खाली करत मला म्हणाले, "बघितलंस? ठाम राहिलं की मिळतं."

गाडी रस्त्याला लागली तेव्हा त्यांचा चेहरा किल्ला जिंकून आल्यासारखा होता.

काका मूळचे सोलापूरचे. आमच्यातले बहुतेक जण शाळेतही गेले नव्हते तेव्हा ते अमेरिकेत शिकायला आले आणि पुढे अरिझोनातल्या चँडलरच्या एका कॉम्प्युटर-चिप बनवणाऱ्या कंपनीत चिकटले ते निवृत्त होईपर्यंत. त्यांचं काम मोठं मजेदार होतं. नवी चिप आली की ती भट्टीत तापवायची, मग गारठवायची, पुन्हा तापवायची, आणि कधी मरते ते बघायचं. इतकी वर्षं हा उद्योग केल्यावर माणसाचा वरवरच्या झगमगाटावर विश्वास कसा राहणार? "अभय, अपग्रेड म्हणजे काय?" ते मला विचारत आणि उत्तर स्वतःच देत. "आधी कमी दिलं होतं, याची कबुली!"

त्यामुळे बर्गरच्या दुकानात पोराने "लार्ज करू का?" विचारलं की त्याला काकांचं व्याख्यान ऐकावं लागे. त्यांच्या फोनला कॅमेरा नव्हता, टीव्हीला केबल नव्हती. आणि एखादी गोष्ट फारच आवडली तर त्यांच्याकडे एकच शब्द होता: बेसिक. आमची पहिली भेट झाली, मंजिरीने त्यांना पिठलं-भात वाढला, आणि जाताना ते दारात माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बायको अगदी बेसिक आहे हं तुझी."

मंजिरी आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. पुढे गणपतीच्या जेवणात काका उकडीच्या मोदकाला बेसिक म्हणाले, मग पुरणपोळीला, मग एका म्हाताऱ्या पेटीवादकाला, तेव्हा कुठे तिला कळलं की आपल्याला केवढी मोठी पदवी मिळाली होती. त्यानंतर कोणी विचारलं तर ती ऐटीत सांगायची, "काकांनी मला पहिल्याच दिवशी बेसिक म्हटलंय."

सुनंदाकाकू आम्ही चँडलरला राहायला येण्याच्या थोडं आधीच गेल्या होत्या. आम्ही त्यांना फक्त दिवाणखान्यातल्या फोटोत पाहिलं. मुलगा निखिल बॉस्टनला. रविवारी त्याचा फोन यायचा, आणि काका त्याला सांगायचे, "इकडे सगळं उत्तम. तू तुझं बघ." आमच्या दोन घरांच्या मध्ये विटांची भिंत होती, पण आमच्या मिहिकाच्या लेखी ती नव्हतीच. पहिलीत जाणारी ही पोरगी शाळेतून आली की दप्तर टाकून थेट काकांकडे. तिला सायकल त्यांनी शिकवली. बुटात पाय घालण्याआधी विंचवासाठी तो झटकायचा, हेही त्यांनीच शिकवलं. ते बोलायचे मराठीत, ती उत्तर द्यायची इंग्रजीत, आणि दोघांचं कधी अडलं नाही. ती त्यांना 'टिपी आजोबा' म्हणे.

तर २००५च्या वसंतातल्या सुट्टीत आम्ही कॅलिफोर्नियाच्या एका मोठ्या थीम पार्कला जायचं ठरवलं. मिहिकाने आम्हाला न विचारताच टिपी आजोबांना आमंत्रण देऊन टाकलं. काका आले आणि मला म्हणाले, "येतो. पण माझी खोली वेगळी, माझं बिल वेगळं. आणि खोली बेसिक."

वाळवंटातून सहा तासांचा प्रवास. काका पुढच्या सीटवर कागदी नकाशा मांडीवर उघडून बसले होते. रस्ता शेवटपर्यंत सरळ होता, तरी दर थोड्या वेळाने ते "सरळ" असं बजावत होते. वाटेत ब्लाइथ गावाला पेट्रोल भरलं, थालीपिठं खाल्ली, आणि दुपारी हॉटेलच्या काउंटरवर जाऊन उभे राहिलो.

काउंटरवर एक तरतरीत तरुण होता. तो म्हणाला, "तुम्ही एकत्र आलात ना? आमच्याकडे एक फॅमिली स्वीट रिकामा आहे. दोन बेडरूम, मधे दार, खिडकीतून सगळा पार्क दिसतो. थोडेसेच जास्त पडतील."

मंजिरीने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला आठ-नऊ वर्षं झालेल्या माणसाला ती नजर वाचता येते. "आपण रोज रोज थोडेच येणार आहोत?" असं ती नजर म्हणत होती. मी तिच्याकडे पाहिलं. "ग्रीन कार्डच्या वकिलाची फी अजून जायची आहे," असं माझी नजर म्हणत होती. मिहिका टाचा उंच करून म्हणाली, "बाबा, कॅन वी सी द कॅसल फ्रॉम द बेड?" मी घोटाळलो. घेतला तर पुढचे चार महिने मन खाणार, आणि नाही घेतला तर तीन दिवस बायको. अशा वेळी माणूस थोरामोठ्यांकडे बघतो. मी काकांकडे बघितलं.

चष्मा कपाळावर चढलेला होताच.

"यंग मॅन," काका म्हणाले, "तुमच्या साध्या खोलीत काही खोट आहे का?"

"नाही सर. खोल्या छान आहेत."

"गादी?"

"उत्तम, सर."

"पाणी, एसी?"

"सगळं व्यवस्थित, सर."

"मग ती सोडून मी दुसरीकडे कशाला जाऊ?"

त्या तरुणाने तोंड उघडलं, मिटलं, आणि पुन्हा उघडून म्हणाला, "व्ह्यू, सर."

"मी झोपताना डोळे मिटतो," काका म्हणाले.

मागच्या रांगेतला एक धिप्पाड अमेरिकन टाळ्या वाजवायला लागला. त्याच्या बायकोने त्याला कोपराने ढोसलं. माझी छाती मात्र फुगली. अरिझोनाहून आलेला आमचा म्हातारा या झगमगाटासमोर असा ताठ उभा होता आणि साऱ्या लॉबीला दाखवून देत होता की आम्हाला भुलवता येत नाही. आम्ही दोन साध्या खोल्या घेतल्या. आमची तिसऱ्या मजल्यावर आणि काकांची पाचव्या मजल्यावर, लांबलचक कॉरिडॉरच्या पार टोकाला. शेजारी शेजारी शिल्लक नव्हत्या. दोन्ही खिडक्यांतून पार्किंग दिसत होतं. "उत्तम," काका म्हणाले. "गाडीवर लक्ष राहतं." मंजिरी बॅगेची चेन जरा जास्तच जोरात ओढत होती.

दुसरा दिवस आम्ही पार्कमध्ये काढला. काका सकाळी सगळ्यांच्या आधी लॉबीत हजर होते, कडक इस्त्रीचा शर्ट, पण डोळे लाल. "झोप लागली ना?" मी विचारलं. "अलबत," ते म्हणाले आणि चालायला लागले.

पार्कमध्ये त्यांनी राइड्सकडे गिऱ्हाईक म्हणून पाहिलंच नाही. रांगेत उभं राहून ते वरून धडधडत जाणाऱ्या डब्यांचा आवाज कान देऊन ऐकायचे आणि निकाल सांगायचे, "बेअरिंग चोख आहेत. मेंटेनन्सवाल्यांना मानलं पाहिजे." एका उंच रोलर कोस्टरच्या पायथ्याशी मात्र ते गप्प झाले. मिहिकाला त्यात बसायचंच होतं आणि टिपी आजोबांबरोबरच बसायचं होतं. बसायला लागणाऱ्या उंचीच्या खुणेला तिचं डोकं लागत होतं. काकांना काही पळवाट नव्हती. डब्यात बसल्यावर पोटावर दांडा खाली आला, काकांनी तो दोन्ही हातांनी आवळून धरला. तेव्हा मिहिकाने आपला इवलासा पंजा त्यांच्या हातावर ठेवला आणि, जी आजवर आमच्याशी सलग एक वाक्य मराठीत बोलली नव्हती ती ही मुलगी, मोठ्याने म्हणाली, "आजोबा, घाबरू नका. मी आहे ना!"

मागच्या डब्यात बसलेल्या आम्हा दोघांना ते ऐकू आलं. मंजिरीने माझा हात घट्ट धरला, आणि गाडी अजून सुटायचीच होती.

खाली उतरल्यावर काकांचे केस उभे होते आणि चष्मा शर्टाच्या आत गेला होता. पण पायांवर नीट उभं राहता आल्याबरोबर त्यांनी शेजारून जाणाऱ्या एका अनोळखी कुटुंबाला थांबवलं आणि इंग्रजीत सांगितलं की ही मुलगी आत्ता अस्खलित मराठी बोलली. मग पुढच्या रांगेतल्या कोरियन आजीबाईंना सांगितलं. मग फुगेवाल्याला. मराठी म्हणजे काय हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं, पण काकांचा चेहरा बघून सगळ्यांनी मिहिकाचं अभिनंदन केलं. पोरगी राणीसारखी चालत होती. आणि तिच्यामागून काका राजवाड्याच्या दिवाणासारखे.

जेवणानंतर ते म्हणाले, "मी जरा पुढे होतो. पाय बोलायला लागलेत." आम्ही तासाभराने निघालो. हॉटेलच्या लॉबीत शिरतो न शिरतो तोच काउंटरवरच्या त्याच तरुणाने हात वर केला.

"सर, तुम्ही टिपणीस फॅमिलीतलेच ना?"

मी तोंड उघडायच्या आत तो पुढे म्हणाला, "मिस्टर टिपणीस यांनी मघाशी तो फॅमिली स्वीट घेतला. चौघांसाठी. तुम्ही हो म्हणालात तर तुमची खोली आत्ताच सोडवून देतो. ते म्हणाले, फोन करू नका, मुलगी खेळतेय."

"मिस्टर टिपणीस यांनी?" मंजिरीने विचारलं. "उंच? चष्मा कपाळावर?"

"तेच, मॅम. काल एवढं बोलले होते, आज काहीच बोलले नाहीत. मी व्ह्यूबद्दल सांगायला लागलो तर ऐकूनही घेतलं नाही. एकच विचारलं, मधलं दार उघडं ठेवता येतं का."

उत्तरासाठी थांबून त्याने पुन्हा विचारलं, "म्हणजे तुम्ही टिपणीस फॅमिलीच ना?"

"येस," मी म्हणालो. माझं आडनाव गोखले. पण दुसऱ्याच्या आडनावाला होकार देताना इतका ताठ मी पूर्वी कधी उभा राहिलो नव्हतो.

आम्ही वर गेलो. स्वीट खरोखरच देखणा होता. मिहिका धावत खिडकीशी गेली आणि काचेला नाक लावून किंचाळली. काका गादीच्या कडेला बसून बुटाची नाडी सोडत होते. वर न बघताच म्हणाले, "त्या खोलीतला नळ गळत होता."

"मग खाली सांगायचं ना, काका."

"बिचारे कामात असतात." मग थोड्या वेळाने, "एसीही आवाज करत होता."

मी आणखी काही विचारणार होतो. मंजिरीने माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली, आणि प्रवासातली किटली काढून चहाला लागली. काकांनी चहा घेतला, चांगला झाल्याचं सांगितलं आणि त्यांच्या बाजूच्या बेडरूममध्ये जाऊन आडवे झाले. इकडे मिहिकाने टीव्ही लावला होता. कार्टूनमधला कोणीतरी सारखा पडत होता आणि ती खिदळत होती. मंजिरी फोनवर तिच्या बहिणीला खिडकीतून काय काय दिसतं ते सांगत होती. काकांना झोप मिळावी म्हणून मी मधलं दार लोटायला गेलो.

"असू दे," काका डोळे मिटूनच म्हणाले.

"आवाज होतोय, काका. तुम्हाला झोप लागणार नाही."

"अरे, घरी मी स्वयंपाकघरातला रेडिओ चालू ठेवून झोपतो. सुनंदा गेल्यापासून. बातम्या, जाहिराती, काही का असेना. कोणीतरी पलीकडे बोलत असलं म्हणजे झालं." कूस बदलून त्यांनी चादर खांद्यापर्यंत ओढली. "त्या खोलीत काल काहीच ऐकू येत नव्हतं."

मी दार होतं तसं उघडं ठेवलं. दहाएक मिनिटांत तिकडून घोरणं ऐकू यायला लागलं, खणखणीत आणि निर्धास्त. मंजिरीने फोनवर तोंडाशी हात धरून आवाज खाली आणला आणि दुसऱ्या हाताने रिमोट उचलला, टीव्ही बारीक करायला.

मी तिच्या हातातून तो काढून घेतला आणि आवाज थोडा वाढवला.