जिन्यात ठेवलेली खुर्ची

"वर्षभर ज्या वस्तूला कुणाचा हात लागला नाही, ती घराबाहेर," असा फतवा सूनबाईंनी काढला, आणि त्या दिवसापासून घरातली माणसं येताजाता वस्तूंना उगाचच हात लावू लागली. चिरंजीव, म्हणजे त्यांचे यजमान, ऑफिसला निघताना बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरवरून मायेनं हात फिरवायचे. आप्पा, म्हणजे सूनबाईंचे सासरे, माळ्यावरची चेन तुटलेली बॅग मांडीवर घेऊन पेपर वाचत बसायचे. सूनबाईंनी कुणाचंही ऐकलं नाही. बॅग गेली, टेपरेकॉर्डर गेला, व्यायामाची सायकलही गेली.

त्यांचंही बरोबर होतं. नवं घर एका खोलीनं लहान होतं. आप्पांच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही म्हणून मुद्दाम तळमजल्यावरचं घेतलेलं. सामान बेताचंच न्यायचं ठरलं होतं आणि टेंपोही छोटाच सांगितला होता. सामान हलवायच्या दिवशी सकाळी टेंपो आणायला जाताना चिरंजीव दारात थबकले.

"बाकी काय वाट्टेल ते टाक," ते म्हणाले, "पण आप्पांच्या खुर्चीला हात लावू नकोस. खुर्ची नसली तर ते यायचेच नाहीत."

"मी काय वेडी आहे?"

"तसं नाही गं. पण शब्द दे."

"दिला. निघा आता."

खुर्ची म्हणजे एक प्रकरणच होतं. सागवानी, दोघांनी उचलावी एवढी जड, वर तपकिरी रेक्झिन आणि हातांवर त्याच्या चिंध्या. मागं रेललं की ती मागंच राहायची, मग आप्पांना सरळ करायला घरातल्या कुणालातरी हातातलं काम टाकून धावावं लागे. सूनबाईंचा तिच्यावर जुना राग होता. पण शब्द म्हणजे शब्द.

आता या इमारतीतल्या जिन्याविषयी सांगायला हवं. कुणाला काही नकोसं झालं, की ते जिन्याच्या वळणावर आणून ठेवायचं. ज्याला हवं असेल त्यानं ते गुपचूप उचलायचं. देणाऱ्यानं 'कुणी नेलं' असं विचारायचं नाही, नेणाऱ्यानं 'मी नेलं' असं सांगायचं नाही, आणि पुढं मागं आपली वस्तू कुणाच्या घरात दिसलीच, तर छताकडे बघायचं. कुणाला देण्याचा मोठेपणा नको आणि कुणाला घेण्याचा संकोच नको. इतकी वर्षं हे सगळं बिनबोभाट चाललं होतं. सूनबाईंच्या स्वयंपाकघरातलं फडताळसुद्धा असंच वर चढून आलेलं.

तर त्या सकाळी सूनबाईंनी कपाटं ओढली, धुळीचे लोट उठले आणि आप्पांना शिंका सुरू झाल्या. शिंकांमागून शिंका. शेवटी सूनबाईंनी खुर्ची ओढत ओढत बाहेर नेली, जिन्याच्या वळणावर ठेवली आणि तीत आप्पांना बसवलं. जिन्यात वस्तू ठेवणं म्हणजे काय, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण खुर्चीत आप्पा होते. बसलेल्या माणसाखालची खुर्ची कोण नेतंय, असा त्यांचा विचार.

भांडी बांधून झाल्यावर त्या बाहेर डोकावल्या. आप्पा जागेवर होते. एका पालथ्या बादलीवर, अगदी निवांत.

"आप्पा, खुर्ची कुठंय?"

"गेली."

"गेली म्हणजे?"

"मी आत पाणी प्यायला आलो होतो ना मघाशी. परत येऊन बघतो तर नाही."

"अहो पण नेली कुणी?"

"ते कसं विचारणार? आपल्याकडे पद्धत नाही विचारायची." आप्पांनी बादलीवर जरा बूड सावरलं. "मी मात्र खुर्चीशिवाय येणार नाही हं. आधीच सांगून ठेवतो. तुम्ही व्हा पुढं. सापडली की येईन मी मागनं."

दुपारी टेंपो येणार. नवऱ्याला दिलेला शब्द सकाळच्या चहाबरोबरच गेला होता. आणि सासरे बादलीवर ठाण मांडून बसलेले. खुर्ची शोधायला हवी होती, आणि तीही न विचारता. शोधायचं तर लोकांच्या घरात शिरायला हवं. विचार करता करता सूनबाईंना निमित्त सुचलं. आपण आज घर सोडतोय. निरोप घ्यायला गेलं तर कोण नको म्हणेल?

वरच्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापिकाबाई एकट्या राहत. त्यांनी दार उघडलं आणि त्यांचे डोळेच भरून आले.

"आलीस? मला वाटलं, जिन्यातूनच हात हलवून जाशील."

"छे हो बाई. म्हटलं, जाण्याआधी तुमचं घर एकदा नीट बघून घ्यावं."

बाईंचं घर बघायला वर्षानुवर्षं कुणी आलं नव्हतं. त्यांनी सूनबाईंचा हात धरून खोली न् खोली दाखवली, दारामागं काय आहे तेसुद्धा. खुर्ची नव्हती. न्हाणीघराबाहेर सूनबाईंचीच व्यायामाची सायकल होती आणि तिच्यावर टॉवेल वाळत होते. सूनबाईंनी छताकडे पाहिलं. खरं तर त्यांच्याकडे असतानाही ती सायकल हेच काम करत होती.

"सकाळी गुणगुणत जिना उतरतेस ना तू," बाई मध्येच म्हणाल्या, "ते ऐकलं की मी चहाचं आधण ठेवते. आता घड्याळच लावावं लागेल."

सूनबाई निघाल्या, तर बाईंनी त्यांच्या कवेत एक भलामोठा पृथ्वीचा गोल दिला. शाळेतून निवृत्त होताना मिळालेला, स्टँडसकट. त्यावरचे बरेचसे देश आता राहिलेच नव्हते.

"बाई, एवढं मोठं कशाला?"

"नाही म्हणू नकोस. मला मेलीला तो पुसून पुसून कंटाळा आलाय."

गोल घरात ठेवून सूनबाई समोरच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांचा दवाखाना घरातच होता. बाहेरच्या खोलीत सगळ्या लोखंडी खुर्च्या. आत डोकवावं म्हणून त्या पुढं झाल्या, तर डॉक्टरांनी त्यांना थेट तपासायच्या खुर्चीतच बसवलं.

"आ करा."

"अहो, मी निरोप घ्यायला..."

"तेच तर. जाताजाता बघून देतो. पुढं कोण कसा डॉक्टर भेटेल, सांगता येत नाही. आ करा."

आ केलेल्या माणसाला काही विचारता येत नाही आणि मान वळवून आतल्या खोलीत बघताही येत नाही. डॉक्टरांनी एक किडलेली दाढ शोधून काढली, "फार दिवस काढू नका," म्हणून दम भरला आणि मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही चाललात हे काही बरं नाही झालं. तुमच्याकडून फोडणीचा वास आला की आम्हाला जेवणाची आठवण व्हायची. थांबा, तुमच्यासाठी एक काढून ठेवलंय."

ती माशांची काचेची पेटी होती. आत मासे नव्हते, नुसती रंगीत खडी होती.

"मासे वारले," डॉक्टर म्हणाले. "रिकामी पेटी बघून पेशंट घाबरतात. तुमच्याकडे छान राहील."

तेव्हा सूनबाईंच्या ध्यानात आलं. फतवा काय त्यांनी एकट्यांनीच काढला नव्हता. निरोपाच्या नावाखाली अख्खी इमारत आपापली घरं आवरत होती. पेटी घरात ठेवून त्या जिना उतरू लागल्या, तेव्हा वळणावर बादलीवर बसलेल्या आप्पांनी आपुलकीनं विचारलं, "मिळाली?"

"नाही अजून."

"असू दे, असू दे. घाई नाही."

तळमजल्यावर टेलरमास्तरांचं दुकान होतं आणि त्याच्या मागंच घर. सूनबाई आत शिरल्या आणि जागच्या जागी थांबल्या. दुकानाच्या मधोमध खुर्ची होती. म्हणजे बांधा तोच, लाकूड तेच. पण रेक्झिनच्या चिंध्या कोपऱ्यात पडल्या होत्या आणि खुर्चीच्या अंगावर पडद्याचं कापड चढलं होतं, ताटाएवढ्या पिवळ्याजर्द सूर्यफुलांचं. मास्तर तोंडात खिळे धरून शेवटच्या कडेवर हातोडी मारत होते.

खुर्ची कुणाची हे सूनबाईंना माहीत होतं. मास्तरांनाही माहीत होतं. दोघांनी एकदम छताकडे पाहिलं.

"खुर्ची छान झालीय हो मास्तर," सूनबाई छताला म्हणाल्या.

मास्तरांनी तोंडातले खिळे काढले. "मागचा खटकापण बसवला. आता रेललं की आपोआप सरळ येते."

"फारच छान. अशीच एक आमच्याकडे असती तर..." सूनबाईंचा आवाज खरोखरच कापरा झाला. "आप्पांना फार आवडली असती."

मास्तर बराच वेळ खुर्चीकडे बघत राहिले. एवढं सुबक काम हातून रोज होत नाही. मग त्यांनी मोठा सुस्कारा सोडला.

"न्या वहिनी. माझ्याकडून निरोपाची भेट समजा."

आपलीच खुर्ची भेट म्हणून घेताना सूनबाईंनी चारचारदा आभार मानले. मास्तरांनी आणि त्यांनी मिळून ती जिन्यानं वर आणली आणि आप्पांपुढे ठेवली. तेवढ्यात खाली टेंपोचा हॉर्न वाजला. सूनबाईंना वाटलं, सुटलो एकदाचे.

आप्पांनी खुर्ची पुढून पाहिली, मागून पाहिली, एका सूर्यफुलाला बोट लावलं.

"ही माझी नाही," ते म्हणाले.

"अहो आप्पा, तीच आहे. फक्त कापड बदललंय."

"माझी तपकिरी होती. ही माझी नाही. तुम्ही शोधा निवांत. मी बसतो इथं."

चिरंजीव जिना चढून वर आले होते. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मग बादलीवरच्या वडिलांकडे, मग बायकोकडे. "हे काय? खुर्ची कुठंय आप्पांची? आणि आत तो पृथ्वीचा गोल कुणाचा?"

सूनबाई तोंड उघडणार, तोच मास्तर बोलले. मघापासून ते लाल होत होते. आपलं काम कुणी असं परत करावं, हे त्यांना उभ्या जन्मात सोसलं नव्हतं. त्या भरात ते इमारतीची पद्धतच विसरले.

"आप्पा, माझी नाही काय म्हणता? सकाळी मला एकट्याला उचलेना, तर दुसऱ्या बाजूनं तुम्हीच धरली होती ना? 'घेऊन जा बाबा, पार आत ठेव' असं कोण म्हणालं मला?"

आप्पांनी सवयीनं छताकडे पाहिलं. चिरंजीव काही विचारणार होते, पण खालून ड्रायव्हरनं पुन्हा हॉर्न दिला आणि "आलो, आलो" करत ते गोल कवेत घेऊन उतरले. मास्तरही ओशाळून त्यांच्या मागं माशांची पेटी घेऊन गेले.

सूनबाई पायरीवर बसल्या. सकाळपासून पहिल्यांदाच बसल्या होत्या.

"का हो आप्पा असं केलंत?"

"खुर्ची सापडेपर्यंत तरी राहता येईल म्हटलं इथं." आप्पा बादलीवरून खाली बघत होते. "तिथं तळमजला आहे, मान्य. गुडघे दुखणार नाहीत. पण इथं मी जिन्यात बसलो, तर येणारा जाणारा चार शब्द बोलतो. तिथं कोण ओळखतं मला? नाही जावंसं वाटत मला, सूनबाई."

"मग आधी बोलायचं ना."

"तुझी एवढी धडाक्यात तयारी चाललेली. तुझ्या उत्साहावर पाणी कशाला घालायचं?"

सूनबाईंनी पदरानं तोंडावरची धूळ पुसली. धूळच होती म्हणायला हरकत नाही.

"कसला उत्साह, आप्पा. हात रिकामे राहिले की रडू येतं म्हणून कपाटं ओढत होते मी. मलाही नाही जायचंय."

खाली चिरंजीव पृथ्वीचा गोल टेंपोत कसा बसवायचा यावरून ड्रायव्हरशी हुज्जत घालत होते.

आप्पांनी हळूच पुढं वाकून विचारलं, "मग परत लपवू का खुर्ची?"

सूनबाईंनी आधी खुर्चीकडे पाहिलं, मग वरच्या जिन्याकडे. मुख्याध्यापिकाबाईंकडे खुर्ची मावेल का, याचा त्यांनी अगदी मनापासून विचार केला.

"आता नाही जमायचं," त्या म्हणाल्या. "ह्यांनी बघितलीय."