बदली आल्याशिवाय

सुनेने सकाळी काढून टाकलेली हिरवी ढाल दुपारी संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात पुन्हा येऊन बसली होती. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'आम्ही आहोत.'

ही ढाल म्हणजे अँटीव्हायरस. तिच्या नवऱ्याने फुकट मिळतोय म्हणून हौसेने बसवला, आणि आता तो घरजावयासारखा ठाण मांडून बसला होता. सुनेचं काम घरांचे नकाशे काढायचं. नोकरी सोडून स्वतःच्या जिवावर घेतलेलं हे पहिलंच काम. आजच्या आज नकाशा कंत्राटदाराला गेला नाही, तर तो दुसरीकडे जाणार होता. आणि नकाशे काढायचं तिचं सॉफ्टवेअर नेमकं ढालीला चोर वाटत होतं. उघडायला गेलं की कुलूप.

"अहो, हे परत आलंय," ती म्हणाली.

"तू नीट काढलं नसशील. सरक." नवऱ्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आव मोठा. त्याने 'काढून टाका'वर टिचकी मारली. पडद्यावर चौकट आली. 'तुम्ही आम्हाला काढत आहात. आमच्यानंतर इथे दुसरं संरक्षण आहे का?'

नवऱ्याने 'नाही' दाबलं. ढाल विझली. तो विजयी मुद्रेने चहा ठेवायला गेला, आणि आधण यायच्या आत संगणकाच्या डब्यातून बाईचा एक सपाट आवाज आला. "संरक्षण सुरू आहे."

"स्पीकर बंद कर ना," नवरा आतून म्हणाला.

सुनेने टेबलाखाली वाकून पाहिलं. स्पीकरची वायर कालच काढून ठेवली होती. खोलीत भर दुपारचं ऊन होतं, तरी तिला तिथे एकटं बसवेना. उसनं अवसान आणून तिने पुन्हा ढाल काढली, तीच चौकट, तेच 'नाही'. माऊसला कुणाचा हात नसताना बाण सावकाश कोपऱ्यात सरकला आणि ढाल हिरवी झाली.

"आता कंत्राटदाराला काय सांगू? भुताने अडवलंय म्हणून?" ती घड्याळाकडे बघत म्हणाली.

सासरे इतका वेळ दाराशी उभे राहून बघत होते. सगळा जन्म त्यांनी एका गोदामाच्या फाटकावर पहारा दिला. मग फाटकावर कॅमेरा बसला आणि बाबा घरी बसले.

"काय विचारतोय तो?" बाबांनी विचारलं. सुनेने पुन्हा 'काढून टाका' दाबून चौकट वाचून दाखवली.

"आणि तुम्ही नाही म्हणता? मग कसा जाईल तो? अगं, बदलीचा माणूस आल्याशिवाय पहारेकरी फाटक सोडत नाही. सोडलं तर तो पहारेकरी कसला?"

बाबांनी खुर्ची ओढली, सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि 'आहे'वर टिचकी मारली. "मी आलोय. जा तू आता," ते पडद्याला म्हणाले. ढाल विझली. डब्यातला पंखा घरघर करत शांत झाला. नकाशा उघडला.

सुनेने शेजारी स्टूल घेऊन भराभर काम उरकलं. दिवे लागायच्या सुमाराला ती 'पाठवा' दाबणार, तोच बाबांनी माऊसवर हात ठेवला.

"कुणाला चाललंय?"

"कंत्राटदाराला, बाबा."

"पाहिलंयस त्याला?"

"नाही. फोनवर बोललेय."

"अनोळखी व्यक्ती आढळली," बाबा म्हणाले. आवाज अगदी सपाट होता.

"बाबा, मी ओळखते त्यांना. माझ्या जबाबदारीवर जाऊ द्या. माझं पहिलं काम आहे हो."

बाबांनी तिच्याकडे निरखून पाहिलं आणि हात उचलला. नकाशा गेला. थोड्या वेळाने कंत्राटदाराचं 'मिळालं, काम तुमचंच' असं उत्तर आलं, तेव्हा तिच्या जिवात जीव आला. तिने संगणक बंद केला, वर भिंतीवरचं बटणही बंद केलं.

"बाबा, चला, जेवायला वाढलंय."

बाबा काळ्या पडद्यासमोर ताठ बसून होते. मान न वळवता त्यांनी विचारलं, "बदली आली का?"

नवऱ्याने सुनेकडे पाहिलं, सुनेने नवऱ्याकडे.

"आली," बंद डब्यातून तो बाईचा आवाज म्हणाला.

"मग ठीक आहे," असं म्हणत बाबा समाधानाने उठले आणि हात धुवायला गेले.